चालण्याच्या गोळीआधी किडनी तपासा

पाय जड झाले, तोल जाऊ लागला, की वस्तीत पहिला शब्द निघतो तो ‘लकवा’. पण कारण दरवेळी लकवाच असते असे नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचता पोचता कमजोर होतो.

फॅम्प्रिडीन (डालफॅम्प्रिडीन हे तिचेच दुसरे नाव) ही गोळी मज्जातंतूतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवते, त्यामुळे निरोप पुढे सरकतो. अमेरिकेत २०१० साली तिला एमएसच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मूळ आजार ती बरा करत नाही. चाचण्यांत साधारण तिघांपैकी एकालाच ठळक फायदा झाला. त्यांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्के वाढला. गुडघेदुखी किंवा मणक्याच्या दुखण्यावर ही गोळी नाही.

अमिफॅम्प्रिडीन याच जातीची, पण ती लॅम्बर्ट-ईटन नावाच्या दुर्मिळ स्नायूदुर्बलतेसाठी आहे. नावे जवळची, आजार वेगळे. मेडिकलवाल्याकडून एकीच्या जागी दुसरी घेऊ नका. धोका मात्र दोन्हींचा सारखा: फिट. आधी कधी फिट आली असेल तर दोन्ही गोळ्या वर्ज्य.

फॅम्प्रिडीन मुख्यतः लघवीवाटे बाहेर जाते. किडनी कमजोर असेल तर ती रक्तात साचते आणि फिटचा धोका वाढतो. आपला अकोला-अमरावतीचा भाग खारपाणपट्ट्याचा. किडनीच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात. समाजात सिकलसेल आहे, तोही किडनीला इजा करतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: क्रिएटिनीन तपासल्याशिवाय आपल्याकडे ही गोळी कोणी लिहू नये आणि कोणी घेऊ नये. ही साधी रक्ततपासणी आहे. अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, तिथे मागून घ्या.

गोळी १० मिलिग्रॅमची, १२ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा. ती तोडू नये, चावू नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. सुरू करण्याआधी २५ फूट चालायला किती सेकंद लागतात ते मोजून लिहून ठेवा. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. फरक नसेल तर डॉक्टरांना तो कागद दाखवा आणि गोळी बंद करण्याविषयी विचारा. मजुरीचा पैसा निरुपयोगी गोळीत घालू नका.

एमएस आणि सिकलसेल हे दोन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. पात्र असाल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. तो आपला हक्क आहे.