भिंत फोडू नका, राव!

जुन्या घरातली दहा बाय दहाची बेडरूम. कपाट हवं म्हटलं की गवंडी लगेच सांगतो, "भिंत कोरून देतो, जागा वाचेल!" सिव्हिलवाल्यांनो, निदान स्वतःच्या घरी तरी हे होऊ देऊ नका. कित्येक जुन्या घरांना कॉलम-बीम नसतातच, विटांची भिंतच स्लॅब पेलते. (वाड्यातली फडताळं चालली, कारण भिंती भरपूर जाड, आणि जागा बांधतानाच सोडलेली.)

हँगरला आत दोन फूट लागतात. भिंतभर कपाट केलं तर शंभरातले वीस चौरस फूट गेलेच. त्यापेक्षा दाराच्याच भिंतीला चार फूट रुंद, छतापर्यंत उंच आणि सरकत्या दारांचं करा; आठ चौरस फुटांत भागतं. बाहेरच्या भिंतीला मात्र चिकटवू नका, पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरते. वरच्या कप्प्यासाठी स्टूल लागेल, आजी कुरकुरेल. कुरकुरू दे.