नामशेष म्हणे!

मंडळी, आज एका शब्दाशी भांडायचं आहे. शब्द साधाच, आपल्या रोजच्या वाचनातला: ‘नामशेष’. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर कुणी चार ओळी लिहिल्या, की पाचव्या ओळीत हा शब्द यायचाच. अमुक जमात नामशेष झाली, तमुक जमात नामशेष झाली. पूर्णविराम.

आता विग्रह करून पाहा. ज्याचं फक्त नाव शेष उरलं तो नामशेष. माणसं गेली, नाव तेवढं राहिलं. पिक्वॉट लोकांच्या बाबतीत झालं ते नेमकं उलटं! माणसं उरली होती, आणि नाव मात्र कायद्याने पुसलं होतं. म्हणजे शब्द चुकला तो चुकलाच, वर गुन्हाही झाकला गेला.

हे पिक्वॉट राहायचे आजच्या कनेक्टिकट राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्रकाठी. शंखशिंपल्यांचे मणी ओवून केलेल्या माळांना तिकडे वॅम्पम म्हणत. मान द्यायचा तर वॅम्पम, तह करायचा तर वॅम्पम, पुढे तर गोऱ्यांनीही तेच चलन म्हणून वापरलं. या मण्यांच्या आणि कातड्यांच्या व्यापारावर पिक्वॉटांची पकड होती. भांडणाचं मूळ तिथे आणि जमिनीत आहे. बाकीची कारणं नंतर जोडलेली.

१६३३-३४ मध्ये देवीची साथ आली. साथीपूर्वी सुमारे १६ हजार असलेले हे लोक चारेक हजारांवर आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच सुमारास त्यांचा मुख्य नायक टाटोबेम याला डच व्यापाऱ्यांनी पकडलं, सुटकेसाठी खंडणी मागितली, ती घेतली, आणि परत पाठवलं ते प्रेत! अशा वेळी ससॅकस नायक झाला. निम्म्याहून अधिक घरं ओसाड, मांडलिक फुटायला टपलेले, आणि जवळचा सोयरा अंकस इंग्रजांच्या गोटात. अशा माणसाला ‘युद्धखोर’ ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

युद्धाचं कारण म्हणून दोन इंग्रज व्यापाऱ्यांचे खून सांगितले जातात. पहिला जॉन स्टोन. मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रजांनी स्वतःच त्याला हद्दपार केलेलं होतं. टाटोबेमच्या खुनाचा सूड घेताना आम्ही त्याला डच समजलो, असं पिक्वॉटांचं म्हणणं होतं. दुसरा जॉन ओल्डहॅम, जुलै १६३६. हा खून ब्लॉक बेटाजवळ झाला, आणि ते बेट नॅरागॅन्सेट लोकांच्या वर्चस्वाखालचं. पिक्वॉटांचा संबंध काय? पण ऑगस्टमध्ये एन्डिकॉट नव्वद माणसं घेऊन निघाला तो बेटावरची घरं जाळून थेट पिक्वॉटांच्या दारात. मागणी काय, तर स्टोनचे मारेकरी द्या, हजार वाव वॅम्पम द्या आणि ओलीस म्हणून तुमची काही मुलं द्या. चालढकल होते आहे असं पाहून त्याने तिथलीही घरं आणि पिकं जाळली.

यानंतर पिक्वॉट लढले. सेब्रुकच्या किल्ल्याला त्यांनी हिवाळाभर वेढून धरलं. एप्रिल १६३७ मध्ये वेदर्सफील्डवर हल्ला करून नऊ जणांना मारलं, त्यात तीन बायका होत्या. हे मी लपवत नाही. पण याचं उत्तर काय मिळालं ते पाहा.

२६ मे १६३७. मिस्टिकचं लाकडी कुंपणाचं गाव, पहाटेची वेळ. ससॅकस इथे नव्हता, तो काही मैलांवरच्या आपल्या गढीत होता. जॉन मेसन आणि जॉन अंडरहिल यांनी गाव घेरलं, आग लावली, आणि जो बाहेर येईल त्याला मारलं. मेलेल्यांचा आकडा ४०० पासून ७०० पर्यंत सांगतात, त्यात बायका, मुलं, म्हातारे. इंग्रजांचे मेले दोन. सोबत आलेले नॅरागॅन्सेट हे पिक्वॉटांचे जुने वैरी. तेही म्हणाले की ही लढाईची रीत नव्हे, फार माणसं मारता तुम्ही! आणि अंडरहिलने बायबलमधल्या दाविदाच्या लढायांचा दाखला देऊन हे सगळं पुस्तकात समर्थनासह लिहिलं. १६३८ मध्ये ते लंडनला छापूनही आलं.

‘तो काळच तसा होता’ म्हणणाऱ्यांनी नॅरागॅन्सेटांचं म्हणणं पुन्हा वाचावं. तेही त्याच काळातले होते.

ससॅकस उरलेल्या लोकांना घेऊन पश्चिमेकडे निघाला. शेवटी मोहॉकांकडे आश्रयाला गेला. त्यांनी त्याला मारून त्याच्या डोक्याची कातडी इंग्रजांना पाठवली. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, त्यांच्याच माणसांनी मारलं!’ त्यांच्याच म्हणजे कुणाच्या? मोहॉक वेगळे, त्यांची भाषा वेगळी, राज्य वेगळं. सगळ्यांना ‘रेड इंडियन’ या एका गाठोड्यात आपण बांधलं, म्हणून ते ‘त्यांचेच’ झाले.

आता तो कागद. २१ सप्टेंबर १६३८, हार्टफर्डचा तह. वाचलेले पिक्वॉट मोहीगन आणि नॅरागॅन्सेट यांच्यात वाटून टाकले. काहींना आधीच गुलाम म्हणून बेटांवर विकलं होतं. वर अट अशी की यांनी यापुढे स्वतःला पिक्वॉट म्हणवून घ्यायचं नाही. पुढे पिक्वॉट नदीची टेम्स झाली आणि १६५८ मध्ये काठच्या वसाहतीचं नाव न्यू लंडन ठेवलं गेलं. नाव पुसायला कायदा करावा लागतो, म्हणजे ते सांगणारं कुणीतरी जिवंत असतं, एवढं तर्कशास्त्र आपल्याला कळायला हवं.

आणि ते जिवंत होतेच! रॉबिन कॅसासिनॅमन नावाच्या त्यांच्या नायकाने चिकाटीने लोकांना पुन्हा एकत्र आणलं. १६६६ मध्ये मॅशंटकेटची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली. विल्यम एपेस या पिक्वॉटाने १८२९ मध्ये आत्मचरित्र छापलं, १८३६ मध्ये बोस्टनमध्ये व्याख्यान दिलं. आणि १८५१ मध्ये मेलव्हिलने ‘मोबी डिक’ लिहिताना जहाजाला याच जमातीचं नाव दिलं व जमात नष्ट झाल्याचं सांगून टाकलं. एवढा मोठा लेखक! बोस्टनमध्ये भाषण करून गेलेला माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

तोवर राखीव जमिनीचा लचका तोडणं चालूच होतं. १९७० च्या सुमारास २०० एकरांच्या आसपास उरली होती. दोन सावत्र बहिणी, दोघी म्हाताऱ्या, ती धरून बसल्या होत्या. १९७६ मध्ये जमातीने दावा लावला, आणि १९८३ मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने मॅशंटकेट पिक्वॉटांना मान्यता मिळाली.

अमेरिकेतले आपले नातेवाईक यावर हसून सांगतात, ‘काका, त्यांचा केवढा कॅसिनो आहे, त्यांना कसली ददात!’ आहे ना, १९९२ पासून. पण पैसा आला म्हणून मिस्टिकची राख विझली का? आणि श्रीमंत झाल्यावर गाऱ्हाणं खोटं ठरत असेल, तर गरीब असताना तुम्ही ते ऐकलं होतं का?

वर्गात मी मुलांना कर्तरी-कर्मणी शिकवत असे. ‘झाली’ म्हटलं की कर्ता सुटतो. साथीत माणसं मरतात तेव्हा ‘मेली’ म्हणा. पण आग लावणारा हात होता, तहावर सह्या होत्या, तिथे ‘नामशेष झाली’ लिहू नका. ‘नाव पुसलं’ लिहा आणि कुणी पुसलं तेही लिहा.

असो. त्या बाजूला राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांनो, त्या कॅसिनोजवळच पिक्वॉटांनी १९९८ मध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं आहे. एकदा आधी तिथे जा, आणि काय पाहिलंत ते सविस्तर कळवा.