निर्गुण म्हणण्याची घाई

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यामुळे इथल्या वर्गात वासुदेव गायतोंडे यांच्या रेखाटनाची प्रतिकृती दाखवली, की ‘निर्गुण’ हा शब्द लगेच पुढे येतो. मला ही घाई मान्य नाही. आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा शिक्षकांनाच अधिक असते!

गायतोंडे (१९२४–२००१) यांना आपली चित्रे ‘अमूर्त’ म्हटलेली रुचत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, ही संज्ञा ते पसंत करीत. १९८४ मधील अपघातानंतर काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास रंगवता आले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर काळ्या शाईने छोटी रेखाटने केली. रंगांचे थर, रोलर, पॅलेट नाइफ सारे बाजूला पडले. उरली नुसती खूण. ती अक्षरासारखी दिसते, पण वाचता येत नाही. साहित्याच्या वाचकाला नेमके हेच सोसत नाही. अर्थ लागेना, की आपण तत्त्वज्ञान आणतो. गायतोंडे यांना झेनची ओढ होती, हे खरे. पण शाई कुठे दाटली, कुठे विरळ झाली, हात कुठे उचलला गेला, हे आधी पाहायला नको का? पुढच्या तासाला मी तीच रेखाटने पुन्हा दाखवणार आहे. पहिली दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही, मीसुद्धा.