रिकाम्या गाडीचे वजन

कर्करोगाचे जनुक सापडल्याची बातमी आली की आमच्या सुशिक्षित मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता औषध आलेच समजा. दुसरा म्हणतो, रक्तातच लिहिले असेल तर औषध काय करणार? दोघांनाही माझे सांगणे एकच : आधी काटा तपासा!

आर्णीच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. जिनिंगवर आधी भरली गाडी तोलतात, मग रिकामी. वजाबाकीत उरतो तो कापूस. गाठीचा तपासही असाच चालतो. प्रत्येक माणूस जन्मतःच जनुकसंचात लाखो बारीक फरक घेऊन येतो आणि ते बहुतेक निरुपद्रवी असतात. गाठीतल्या फरकांतून ते वजा केले म्हणजे मागाहून घडलेले बदल उरतात. ही वजाबाकी त्याच रोग्याच्या रक्तावरून करावी, हे उत्तम. तशी सोय नसेल तेव्हा इतर लोकांच्या नोंदवहीवर भागवावे लागते. आणि जगातल्या अशा नोंदवह्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांनी भरलेल्या! म्हणजे गाडी आमची आणि रिकामे वजन परक्याच्या गाडीचे. मग आमचा एखादा साधा जन्मजात फरकच गुन्हेगार ठरला, तर नवल ते कसले?

खारघरच्या टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली भारतीयांची नोंदवही काढली. नमुने किती? अवघे ६२! आमच्या शाळेच्या एका वर्गात मावतील एवढे. २०२२ साली तिची वाढीव आवृत्ती निघाली. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले. काम मोलाचे आहे. पण जातीपोटजातींत सोयरीक करणाऱ्या या खंडप्राय देशाला ते पुरेसे आहे, असे कोणी म्हणू नये.

दुसरी फसगत मोजमापाची. माणसाची जनुके सुमारे २० हजार. गाठीत कोणती जागी, कोणती निजलेली, हे एकेक करून पाहिले आणि शंभरांत पाच चुका चालतील असे ठरवले, तर काहीही घडलेले नसताना १ हजार जनुके दोषी दिसतील! या खोट्या दोषींना आवर घालण्याची रीत बेंजामिनी आणि होखबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ सालीच दिली. तरी बातमीत जनुकाचे नाव ठळक छापतात. किती जनुके तपासली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

“आकड्यांनी का रोगी बरा होतो?” असे विचारणाऱ्यांना माझा उलट सवाल : चुकीच्या जनुकावर नेम धरून दिलेल्या महागड्या औषधाने तरी होतो काय? म्हणून तांड्यावरची, पोडावरची, आमच्या अरुणावतीकाठची माणसेही या मोजणीत आली पाहिजेत. मात्र रक्त मागणाऱ्याने हेतू आमच्या बोलीत समजावावा, राजीखुशीने होकार घ्यावा आणि नकारही मानावा.

दुसऱ्याची रिकामी गाडी तोलून आमच्या कापसाचा हिशेब कोणी करू लागला, तर आर्णीत काट्यावर भांडण होते. देहाच्या हिशेबातच आम्ही एवढे मुकाट का?