फुकटचे ॲप आणि आपली जात

फेसबुकवरचे एक व्यक्तिमत्त्व चाचणीचे ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. तरीही सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती केम्ब्रिज ॲनालिटिका या निवडणूक सल्लागार कंपनीकडे गेली असावी, असे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. बाकीच्यांना कुणी विचारलेच नव्हते. ते फक्त कुणाच्या तरी मित्रयादीत होते.

आपल्यासाठी हा प्रश्न जास्त टोकदार आहे. ॲपला जात सांगावी लागत नाही. आडनाव, वस्तीचा पिनकोड, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरचे लोकेशन, लाईक केलेली भीमगीते, फोनमध्ये 'शाखाध्यक्ष' म्हणून सेव्ह केलेला नंबर, एवढ्यावरून कुणीही ओळखेल. पुढे घर भाड्याने देणारा किंवा नोकरी देणारा ती यादी वापरणार नाही, याची हमी कोण देणार?

२०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जात आणि धार्मिक श्रद्धा यांना 'संवेदनशील' माहिती मानून जादा संरक्षण ठेवले होते. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच उरला नाही. यावर आपल्या संघटनांनी फारसा आवाज उठवला नाही. आम्हीही नाही.

उलट शिबिराच्या नोंदणीसाठी आपणच फुकटचा ऑनलाईन फॉर्म काढतो, त्यात जातीचा रकाना ठेवतो आणि मोबाईल नंबरांसकट यादी ग्रुपवर टाकतो. पुढच्या शिबिरापासून तो रकाना आणि ती यादी, दोन्ही बंद करूया.