मजुराला हवी दुर्बिणीची शस्त्रक्रिया
पित्ताशयात खडे झाले की पूर्वी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे, आणि जड काम बंद म्हणून कित्येक आठवडे घरी बसणे ओघानेच येई. १९८५मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात आणली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची आणि ५ ते १० मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत घालायची. वेदना कमी, जखम चिघळण्याचा धोका कमी, बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी. क्वचित मध्येच पोट उघडावे लागते. तो सर्जनचा पराभव नसतो, रुग्णाच्या जिवासाठी घेतलेला निर्णय असतो. लवकर बरे होण्याचा हा लाभ सर्वांत मोलाचा कोणाला? ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला. गॅस न भरता पोटाची भिंत वर उचलून, मणक्यात भूल देऊन, कमी खर्चात अशा शस्त्रक्रिया आपल्या ग्रामीण भागातही झाल्या आहेत. त्यामुळे गरिबाला हे परवडायचे नाही, ही सबब आता चालणार नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला दुर्बीण द्या आणि ती चालवणारे प्रशिक्षित सर्जन व भूलतज्ज्ञही द्या.