साडीला दोन तास, सिंहांना शून्य मिनिटं

मागच्या वर्षी जळगावहून आई-बाबांना घेऊन काशीला गेलो. संध्याकाळी गंगेत क्रूझ, त्याआधी दिवसभर ग्रुप टूर. साडीच्या दुकानात दोन तास! आणि सारनाथला? जेमतेम अर्धा.

तिथल्या म्युझियममध्ये अशोकस्तंभाचे मूळ सिंह आहेत. त्यांच्यावरूनच २६ जानेवारी १९५० ला आपली राजमुद्रा ठरली. जन्मभर सरकारी कागदांवर ते सिंह पाहिलेले बाबा दारातूनच परत फिरले. "बोट सुटेल," म्हणे गाइड.

दुकानात बसलो होतो तेव्हा नव्हती का सुटत? राव, ह्याला बघणं नाही, चेकलिस्टवर टिक मारणं म्हणतात. घराजवळची अजिंठा लेणी तरी आपण वेगळी कुठे बघतो? पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी एकच विचारा: कुठे किती वेळ?